वेळेवर आल्याबद्दल माफी

ओसाकातल्या आमच्या निप्पोनबाशीत काराकासा-दो नावाची एक कंपनी आहे. ती गोष्टींचे खेळ काढते. पडद्यावर एका मुलीचं चित्र, खाली दोन ओळी मजकूर, आणि मधूनच प्रश्न: तिला छत्री द्यायची, की दोघांनी एकाच छत्रीत भिजत जायचं? उत्तराप्रमाणे गोष्ट वळते. माणूस दिवसचे दिवस वाचत बसतो आणि शेवटी उशी ओली करतो. पण खरं सांगायचं तर काराकासा-दो खेळ क्वचितच काढायची. ती काढायची तारखा. मग त्या पुढे ढकलायची, आणि ढकलल्या की दुकानदारांपुढे जाऊन वाकायचं काम यासुहेई कुरामोची करायचे.

कुरामोची नोकरीला लागले ते खोकी बांधायला. पहिला खेळ लांबला तेव्हा मालक इबारागी यांना दुकानदारांना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून त्यांनी समोर दिसला त्या माणसाला पाठवलं. कुरामोची वाटेत तेन्माच्या एका मिठाईवाल्याकडून चेस्टनट घातलेल्या योकानच्या गोड वड्यांचा डबा घेऊन गेले आणि खेळ विकणाऱ्या दोमोतो यांच्या दुकानात असे काही वाकले, की ओरडायच्या तयारीत असलेल्या दोमोतोंनी स्वतः खुर्ची आणून दिली. मालकांना कळलं की आपल्याकडे लेखक बरा नसेल, चित्रकार बरा नसेल, पण माफी मागणारा अव्वल आहे.

मग कुरामोचींनी दुसरं काही केलंच नाही. महिनाभराचा उशीर असेल तर खांद्यातून वाकायचं, ऋतू उलटला तर कंबरेतून, वर्ष उलटलं तर नाक गुडघ्याला लागेपर्यंत. सबब सांगायची नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. समोरचा "अहो, पुरे आता" म्हणेपर्यंत वर यायचं नाही. त्यांची माफी ऐकून माणसाला वाटायचं, उशीर झाला हे एका अर्थी बरंच झालं. हळूहळू ज्या दिवशी खेळ यायचा असे त्या दिवशी गिऱ्हाईकं दोमोतोंच्या दुकानात खेळ घ्यायला नव्हे, कुरामोचींना बघायला जमू लागली. नागोयाहून माणसं यायची. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, इथे रोज मरणाऱ्याला टाळ्या मिळत होत्या. आता यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नव्हतं, हाच चमत्कार.

चमत्कारिक वाटायचं ते फक्त नोबुए यांना. त्या कुरामोचींच्या पत्नी. लग्न झालं तेव्हा बेप्पूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना जायचं ठरलं होतं. ते खेळ आल्यावर, मग पुढचा खेळ आल्यावर, आणि आता अकरा वर्षं रखडलेला मोठा खेळ आल्यावर. या खेळात मिनेको नावाची मुलगी शाळेच्या फाटकापाशी उभी राहून कुणाची तरी वाट बघते. नोबुए यांना तिचं काही कौतुक नव्हतं. त्या दरवेळी बॅग भरायच्या आणि दरवेळी रिकामी करायच्या. आणि जगाला हळहळायला लावणारा हा माणूस घरात वर्तमानपत्राआडून एवढंच म्हणायचा, "या वेळी काही जमणार नाही बहुतेक."

"दुकानदारांसाठी कंबर मोडता," नोबुए म्हणायच्या, "माझ्यासाठी निदान मान तरी हलवा."

या वसंतात मात्र त्या आवाज न चढवता बोलल्या. "शनिवारची सकाळची गाडी आहे. तिकिटं दोन काढलीत. तुम्ही आलात तर आपण दोघं परत येऊ. नाही आलात तर मी बेप्पूहून ओकायामाला बहिणीकडे जाईन आणि तिथेच राहीन."

पण खेळाची तारीख होती आदल्या दिवशीची, शुक्रवारची. म्हणजे शनिवारपासून बाकीच्या शहरांत माफीचा दौरा ठरलेलाच.

आणि इथे भलतंच घडलं. खेळाच्या लेखकाची अक्कलदाढ काढली. गाल एवढा सुजला की त्याला खाता येईना, पिता येईना, उशिराची कारणं सांगता येईनात. करायला दुसरं काहीच उरलं नाही म्हणून त्याने खेळ लिहून संपवला.

"संपला म्हणजे?" इबारागींनी घाबरून विचारलं. "सगळा?"

लेखकाने सुजलेला गाल धरून मान हलवली.

शुक्रवारी सकाळी कुरामोची खोक्यांबरोबर दोमोतोंच्या दुकानात पोचले. दार गिऱ्हाइकांनी भरलं होतं. दोमोतो हात पुढे करून उभे होते, योकानसाठी.

"खेळ आणलाय," कुरामोची म्हणाले.

"हो हो, कळलं. वाका आता, लोक खोळंबलेत."

"नाही, खरंच आणलाय."

दोमोतोंनी एक खोकं उघडलं, आत बघितलं आणि झाकण लावून टाकलं. "कुरामोचीसान, ही काय थट्टा? मी या फळीवर पिंजऱ्यातल्या उंदरांची खेळणी मांडलीत. पुढच्या हिवाळ्यापर्यंत. तारीख तुम्ही दिलीत म्हणजे त्या दिवशी काही येणार नाही, एवढा विश्वास ठेवूनच आम्ही धंदा करतो ना?"

गर्दीतला नागोयाचा एक टक्कल पडलेला माणूस पुढे आला. तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. "मी अकरा वर्षं मिनेकोची वाट बघतोय. बायको गेली, नोकरी गेली, ही वाट तेवढी राहिली होती. आता गोष्ट वाचून संपली की मी सोमवारी काय करू?"

कुणीही खेळ विकत घेतला नाही. काही जणांनी खेळाला नुसता हात लावला आणि गरम कढईला लागल्यासारखा मागे घेतला.

संध्याकाळी इबारागींचा फोन आला. नागोया, तोक्यो, सेन्दाई, सगळीकडून बोंब होती. "उद्यापासून दौऱ्यावर निघायचं," मालक म्हणाले. "वेळेवर आल्याबद्दल माफी. किती वाकायचं ते मला ठाऊक नाही, असं पूर्वी कधी झालेलं नाही. तुम्हीच अंदाज घ्या."

"हो," कुरामोची म्हणाले. दुसरा शब्द त्यांना येतच नव्हता.

शनिवारी सकाळी नोबुए दारात बुटांपाशी बॅग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी फोन ऐकला होता, त्यामुळे विचारलं काहीच नाही. कुरामोची काळा सूट घालून आले. हातात योकानचा डबा. तो त्यांनी दोन्ही हातांनी बायकोपुढे धरला आणि नाक गुडघ्याला लागेपर्यंत वाकले.

"आमच्याकडून आपल्याला जो अक्षम्य त्रास झाला, त्याबद्दल काराकासा-दोच्या वतीने..."

"कंपनी नाही आली माझ्याशी लग्न करायला," नोबुए म्हणाल्या. "तुम्ही माफी मागताय का, की कंपनी?"

कुरामोची तसेच वाकून राहिले. आयुष्यभर इतरांच्या चुका त्यांनी आपल्या तोंडाने कबूल केल्या होत्या. स्वतःच्या चुकीला शब्द शोधायला गेले तर तोंडात काहीच नव्हतं. खालूनच, बुटांशी बोलावं तसं, ते म्हणाले, "तारीख लांबली की मला आनंद व्हायचा."

"काय म्हणालात?"

"दुकानात माणसं माझी वाट बघायची. खुर्ची द्यायची. मी उभा राहिलो की सगळे गप्प व्हायचे. घरी आलो की मी आपला वर्तमानपत्र वाचणारा. म्हणून दरवेळी मला वाटायचं, लांबू दे. तू बॅग भरताना दिसायचीस तेव्हाही वाटायचं, लांबू दे. माझं चुकलं, नोबुए."

नोबुए यांना राग आला. खूप आला. लाथ मारून डबा उडवावासा वाटला. पण समोर वाकलेल्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते, आणि हे डोकं अख्ख्या निप्पोनबाशीने पाहिलं होतं, त्यांनी एवढ्या जवळून आजच पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "अहो, पुरे आता" असं त्या मुद्दामच म्हणाल्या नाहीत.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. कुरामोची सवयीने वर यायला लागले.

"तसेच राहा," नोबुए म्हणाल्या, आणि आत जाऊन फोन उचलला.

"कुरामोची निघाले का?" इबारागींचा आवाज.

"सुरुवात केलीय त्यांनी."

"कसली?"

"माफीची. आधी माझी चाललीय. जुनी थकबाकी आहे, बेप्पूला जाऊन पुरी करणार आहेत. तुमच्या दुकानदारांना सांगा, रांगेत उभे राहा."

मालक काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला, दाराशी येऊन बूट घातले, आणि वाकलेल्या नवऱ्याच्या हातातला डबा घेऊन तिथे बॅग दिली.

"चला," त्या म्हणाल्या. "गाडी वेळेवर सुटते."