काकूंचे चाळीस शब्द

वर्तमानपत्राच्या कचेरीत सगळे त्याला चित्रगुप्त म्हणत. एकतीस वर्षं तो शेवटच्या पानावरच्या निधनवार्ता लिहीत होता. चौकट चाळीस शब्दांची. माणूस कारखानदार असो की पंक्चरवाला, जागा तेवढीच.

घरची माणसं गुणांची यादी घेऊन यायची. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. तो यादी बाजूला सारायचा आणि विचारायचा, “चिडायचे कशावरून?” माणसं आधी गोंधळायची. मग कुणीतरी हसून, डोळे पुसत, काहीतरी सांगायचं. त्यातून बातमी व्हायची. एका शिंप्याबद्दल त्यानं लिहिलं होतं, ‘कात्रीनं कागद कापलेला त्यांना खपत नसे, नातवंडांनीसुद्धा.’ त्या घरातल्यांनी ते कात्रण फ्रेम करून लावलं.

गेल्या वर्षी यंत्र आलं. नाव, वय, व्यवसाय, चार गुण भरले की बातमी तयार. यंत्राला शिकवायला चित्रगुप्ताचीच एकतीस वर्षांची पानं दिली होती. संपादक म्हणाले, “तुमचं काम हलकं झालं. आता नुसती नजर टाकायची.” तो नजर टाकू लागला. चुका फारशा सापडत नसत.

मंगळवारी दुपारी त्याची बायको गेली. भाजी निवडता निवडता. गुरुवारी तो नेहमीच्या वेळेला कचेरीत आला आणि खुर्चीत बसला. पानं लावणारी मुलगी चहा घेऊन आली.

“काका, आज कशाला आलात?”

“तिचं मी लिहिणार आहे. यंत्राला नाही द्यायचं.”

“बरं. पान पाचला छपाईला सुटतं.”

“मला सांगतेस?”

त्यानं कोरा कागद घेतला. वर नाव लिहिलं. खाली ‘प्रेमळ’ लिहिलं आणि खोडलं. चहावर साय धरली. चार वाजले तेव्हा कागदावर नावच होतं.

मुलगी पुन्हा आली. जरा घुटमळली. “काका, काकू कशावरून चिडायच्या?”

तो विचार करू लागला. जेवायला उशीर झाला की तो चिडायचा. पंखा बंद करायचा राहिला की तोच. तिचं काही आठवेना. एकदा फक्त म्हणाली होती, “जगाच्या घरातलं सगळं माहीत तुम्हाला. आपल्याकडे मात्र दिव्याखाली अंधार.” तो खूप हसला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते त्यानं सगळ्यांना सांगितलंही होतं.

“शांत होती ती,” तो म्हणाला.

“शांत कुणी नसतं, घरच्यांनी विचारलेलं नसतं. तुम्हीच म्हणता.”

“म्हणतो खरं.”

पावणेपाचला छपाईवाल्याचा फोन आला. “दादा, एका चौकटीसाठी पान अडलंय.”

त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. नाव. वय. व्यवसाय, गृहिणी. प्रेमळ, शांत, कष्टाळू. चौथा गुण सुचेना. मुलीनं हळूच सांगितलं, “मनमिळाऊ टाका.” त्यानं टाकलं.

पडद्यावर चौकट भरली. शेवटची दोन वाक्यं होती, ‘घर जागं होण्याआधी त्या उठत. रागावल्या तर बोलत नसत; भांडी तेवढी जरा जोरात ठेवत.’

असं काहीतरी त्यानं कधीतरी कुणाच्या तरी आईबद्दल लिहिलं होतं. कुणाच्या, ते आठवेना. हिच्याबद्दल ते खरं होतं का, हेही सांगता येईना. स्वयंपाकघरातून आवाज यायचे. भांड्यांचा आवाज येणारच, असं तो धरून चालला होता.

“खोडू का?” मुलीनं विचारलं.

त्यानं शब्द मोजले. चाळीस.

“राहू दे,” तो म्हणाला. पान सुटलं.

सकाळी मेहुण्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. “दाजी, वाचलं. ताई समोर उभी राहिली हो. लहानपणी तिची भांडी वाजायला लागली की आम्ही भावंडं अंगणात पळायचो. आई म्हणायची, आज हिच्या वाटेला जाऊ नका.”

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कसं नेमकं पकडलंत. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं.”

“हो,” तो म्हणाला.

मेहुणा आणखी बराच वेळ बोलत होता. तो प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेला.