छत्तीस सेकंदांचा हॉल्ट

रॅलीच्या रोडबुकात, म्हणजे वाटेतल्या खुणांच्या पुस्तिकेत, शिवमंदिर बरोबर बारा किलोमीटरवर होतं. मंदिर आलं, पारावर दोन म्हातारे बसलेले दिसले, आणि आमच्या गाडीचा मीटर ११.६४ दाखवत होता.

"नीलेश, गाडी बाजूले घे."

"अभी? काका, बिलकुल टाइम पे चल रहे हैं."

"घे म्हणतो ना."

नीलेश म्हणजे आमच्या टीमचा मालक, आणि ड्रायव्हरही तोच. बीरगांवला त्याचं गॅरेज आहे. बूढ़ापारा मोहल्ल्यात आमच्या दोन घरं पलीकडे लहानाचा मोठा झाला. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देतो. मी त्याचा नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणारा. त्याआधी जन्मभर रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. तिसरा बलीराम, मेकॅनिक. एवढीच टीम, आणि एक जुनी जिप्सी.

लोकांना वाटतं रॅली म्हणजे सुसाट पळणं. आमची रॅली तशी नसते. वेग आयोजकच ठरवून देतात, आणि वाटेत कुठेतरी चौक्या लपवून ठेवतात. त्यांना टाइम कंट्रोल म्हणतात. तिथे ठरल्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर सेकंदामागे एक गुण दंड. लवकर पोचलात तर दोन.

हे दुसरं वाक्य नीलेशच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पहिल्या वर्षी क्लच गेला. दुसऱ्या वर्षी रस्ता चुकून हे दोघं एका गावच्या लग्नात पोचले आणि जेवून परत आले. तिसऱ्या वर्षी प्रत्येक चौकीवर सगळ्यांच्या आधी हजर! संध्याकाळी नीलेशनं पेढेसुद्धा वाटले. निकाल लागला तेव्हा शेवटून पहिला नंबर. मग तो माझ्याकडे आला. माझ्या बायकोनं लगेच सांगून टाकलं, "यायले घेऊनच जा. कुकरच्या शिट्ट्याबी घड्याळ लावून मोजून राहिले घरात."

हे चौथं वर्ष. नीलेशची बायको पल्लवी हिनं निक्षून सांगितलं होतं, पहिल्या तिनात आलात तर ठीक, नाहीतर जिप्सी विकायची आणि गॅरेजकडे बघायचं. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. नीलेशनं तिला शब्द दिला होता. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून सकाळी निघालो तेव्हापासून पोरगा धड बोलला नव्हता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तर मंदिरापाशी थांबलो. मी वही उघडली. गार्डची सवय, प्रत्येक खूण पास झाली की वेळ आणि मीटर लिहायचा. सहा किलोमीटरच्या पुलाशी मीटर ५.८२ होता. तेव्हा वाटलं, मीच पूल येण्याआधी बघितला असेल. आता कळलं, फरक वाढत चालला होता. म्हणजे चूक एका जागेची नव्हती, मीटरचीच होती.

"टायर कोणते आहेत?"

"नए हैं. बलीराम ने कल शाम को डाले. एक नंबर बड़े."

मी कपाळावर हात मारला. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. काल सकाळी आम्ही जुन्या, झिजलेल्या टायरवर तो मोजून लावला होता. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटरला त्याचा पत्ताच नसतो. तो म्हणत होता ११.६४, आणि आम्ही बारा किलोमीटर आलो होतो. बलीरामनं जीव लावून केलं होतं, पण विचारायला काय झालं होतं त्याला?

हिशेब सोपा होता. ठरलेला वेग ताशी छत्तीस, म्हणजे दहा मीटरला एक सेकंद. तीनशे साठ मीटरचे छत्तीस सेकंद. तेवढे आम्ही लवकर होतो.

"छत्तीस सेकंद थांबायचं," मी म्हणालो.

"काका, किताब गलत होगी. हर साल कुछ न कुछ गलत रहता है."

"दोन जागी एकाच हिशेबानं गलत? काहून असं होईल?"

तेवढ्यात मागची गाडी आम्हाला ओलांडून गेली. आतल्या माणसानं हात हलवला. नीलेशनं दात आवळले आणि गिअर टाकला.

"ते आपल्यामागून एका मिनिटानं सुटले," मी म्हणालो. "ते इथं आताच आले, म्हणजे मिनिटभर तरी आधी आले. तुले त्यायच्यासंग दंड भरायला जायचं आहे का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. हे त्याला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. थांबल्यापासून किती झाले ते घड्याळात बघून उरलेले सेकंद मी मोठ्यानं मोजले. छत्तीस झाले तेव्हा म्हणालो, "चल."

चारशे मीटरवर, वळणामागे, चौकी होती. मार्शलनं कार्डावर वेळ टाकली. मी ती वहीशी ताडून पाहिली. एका सेकंदाचा फरक.

पुढचा सगळा रस्ता मी हातानं मांडला. मीटरचे शंभर मीटर म्हणजे खरे एकशे तीन. मुरुमाचा रस्ता, धूळ, पेन्सिलीचं टोक दोनदा तुटलं. नीलेश मी सांगेन तसा चालवत होता, कुरकुर न करता. शेवटच्या टप्प्यात तर तोच म्हणाला, "काका, ज़रा धीरे करूँ क्या?" मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी निकालाचा कागद लागला. नीलेश सवयीनं खालून वाचायला लागला. नाव सापडेना. त्याचा चेहरा उतरला. बलीराम सरळ वरून वाचत होता. तो म्हणाला, "भैया, पहिली लाइन देख."

दिवसभराचा दंड एकोणीस गुण, आणि पहिला नंबर. दुसऱ्याचा आमच्या तिपटीहून जास्त. बलीरामनं मला उचलून एक गिरकी मारली, ह्या वयात. नीलेश तिथंच मातीत बसून पोरासारखा रडला.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. पल्लवीनं त्याला चहा पाजला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. नीलेशला विचारलंसुद्धा नाही.

गॅरेजच्या भिंतीवर आता एक ओळ आहे: टायर बदलले की मीटर पुन्हा मोजायचा. ती मी बलीरामच्याच हातून लिहून घेतली.