माणूस नसलेलं स्टेशन

पोरगा खोटं बोलतोय, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण बैलबाजारात मला कुणी फसवून गेला नाही.

कंपनीनं त्याला तीन महिने ट्रेनिंगला जपानला धाडलं होतं. मी, सूनबाई आणि नात इथं आखातात, अल रय्यानच्या फ्लॅटवर. रोज आमच्या दुपारच्या जेवणाआधी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा संध्याकाळ. कामावरून सुटून स्टेशनवर गाडीची वाट बघत बोलायचा. मागं एकच फलाट, पत्र्याची शेड, पलीकडं भाताची शेतं. माणूस एकही नाही.

"असलं कुठं स्टेशन असतं का रे? मास्तर कुठंय?"

"इथं मास्तर नसतोच, आण्णा. उतरलं की तिकीट डब्यात टाकायचं आणि चालायला लागायचं."

"आणि नाही टाकलं तर?"

"टाकतात."

"कोण बघतं?"

"कुणीच नाही."

झालं. एकदा त्यानं स्टेशनबाहेरची फळी दाखवली. काकड्या, कांद्याची पात, शेजारी पैशाचा डबा. विकणारा गायब. मी म्हटलं, झुडपामागं बसला असेल. तो हसला. मी नाही हसलो. माझा हिशेब सरळ होता. नोकरी गेली, आणि पोरगा कुठल्या तरी ओसाड जागी बसून आम्हाला नाटक दाखवतोय. त्याची नोकरी गेली म्हणजे आमचा इथला व्हिसाही खलास.

सूनबाईला म्हटलं तर ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही आरशातल्या माणसाचीसुद्धा चौकशी कराल." पण बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ते मी मनात ठेवलं.

एक दिवस मी हट्टच धरला. "मला तिथला माणूस दाखव." तेवढ्यात फलाटावर झाडू घेऊन एक म्हातारी आली. त्यानं तिच्यापुढं फोन धरला. ती वाकली, मी हात जोडले. मग माझ्या पाठीमागं निरखून बघत तिनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुझे वडील खरंच शहरात राहतात का? मागच्या खिडकीतून रस्त्यावर एकही माणूस दिसत नाही."

मी वळून बघितलं. जुलैची दुपार. उन्हात उभ्या गाड्या, बाकी मांजरसुद्धा नाही. मला राग आला. "सांग तिला, माणसं आत आहेत. एसीत."

तिला पटलेलं दिसलं नाही. बाई माझ्याच वळणाची. तिनं आणखी एक प्रश्न विचारला आणि पोरानं फोन स्वतःकडं वळवला.

"आता काय?"

"विचारते, वडिलांना सांगितलंस का. तिला मी परवा बोललो होतो."

"काय सांगायचंय?"

"आण्णा, मला इथंच कायम करतायत. तीन वर्षं तरी. हिला आणि मुलीला बोलावून घेणार आहे. तुम्हाला गावी जावंसं वाटलं तर..."

म्हणजे माझा संशय खरा होता, फक्त चुकीच्या जागी बसला होता. सूनबाईला म्हटलं, "तुला ठाऊक होतं."

"हो आण्णा. तुम्ही जेवण सोडाल म्हणून बोलले नाही."

त्या दुपारी मी जेवलो नाहीच.

दुसऱ्या दिवशी कॉल आल्यावर सांगून टाकलं, "मी गावी जाणार नाही. तिकडं येणार."

"तुम्हाला करमेल इथं?"

"ते मी बघेन. तीन वर्षं तू फोनवर दाखवशील ते मी खरं मानत बसू का?"

तो म्हणाला, "व्हिसाचं बघावं लागेल."

"मग बघ की."