गाळलेला धडा

“मग आवाज क्लोन करू या,” मंदार म्हणाला. “बाकीचे सगळे धडे वॉल्श सरांच्याच आवाजात आहेत. सॉफ्टवेअरला तेवढं पुरतं.”

मंदार माझा बॉस, ठाण्याचा. सिंगापूरमधल्या पाया लेबारच्या ऑफिसात आम्ही शाळांसाठी ऑनलाइन कोर्स बनवतो. मी प्रोजेक्ट मॅनेजर. तेव्हा काम चालू होतं अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकांच्या इतिहासावर. लेखन आणि निवेदन वॉल्श सरांचं. ते मूळचे अमेरिकन, पण सगळी नोकरी सिंगापूरमध्ये इतिहास शिकवण्यात गेलेली. बायको इथलीच, मे लिंग.

माइकसमोर बसले की सर समोर वर्ग भरल्यासारखं बोलायचे. अमेरिकेत लोक मत देतात, पण अध्यक्ष निवडतात ते इलेक्टर, म्हणजे प्रत्येक राज्याचे ठरावीक प्रतिनिधी. त्यामुळे देशभरात जास्त मतं मिळवणारासुद्धा कधी कधी हरतो. हे मला नीट कळलं ते त्यांच्याकडूनच.

एकच धडा राहिला होता. यादवी युद्धानंतरच्या एका निवडणुकीचा. त्यातल्या एका उमेदवाराची बायको मतदानाच्या थोडेच दिवस आधी वारली. तो सपाटून हरला. आणि इलेक्टरांचं मतदान व्हायच्या आत तोही गेला. त्याच्या बाजूच्या बहुतेक इलेक्टरांनी मग दुसऱ्यांना मतं दिली. तिघांनी मात्र त्यालाच दिली. ती मतं संसदेने धरली नाहीत.

बायकोच्या मृत्यूच्या वाक्याशी आले की सर थांबायचे. खाकरायचे. “उद्या करू,” म्हणायचे. वाक्यच जड जातंय, असं आम्ही समजत होतो. घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशन तातडीने झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

“करारात क्लोनचा उल्लेख नाही,” मी मंदारला म्हटलं. “त्यांना विचारावं लागेल.”

“विचार ना. सॅम्पल घेऊन जा. ऐकलं की हो म्हणतील.”

सॅम्पल म्हणजे नमुना. त्याच धड्याचा पहिला परिच्छेद सॉफ्टवेअरने त्यांच्या आवाजात वाचला होता. तो घेऊन मी सेम्बावांगला त्यांच्या फ्लॅटवर गेले. मे लिंगने बार्लीचं पाणी दिलं. सरांच्या गळ्याला स्कार्फ होता. हसले, माझा हात हातात घेतला. बोलायचं म्हणून ओठ हलवले आणि मग फोन उचलला. ते टाइप करायचे, मी वाचायचे.

मी लॅपटॉप सुरू केला. आवाज हुबेहूब होता. नावांवरचा जोर, वाक्याआधीचा श्वास, सगळं. बायकोच्या मृत्यूचं वाक्य आलं आणि सरळ पुढे गेलं.

मे लिंग उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, “बंद कर ना. यांना आता माझं नाव घेता येत नाही. आणि हा डबा सगळं बोलतो.”

मी लॅपटॉप मिटला.

सरांनी टाइप केलं, “आवाज चांगला आहे. पण हा माणूस अडखळत नाही. नको.” थोड्या वेळाने आणखी एक ओळ. “मे लिंग वाचेल.”

आणि तिने वाचलं. आमच्या स्टुडिओत, सिंगापूरच्या सुरात, अगदी सावकाश. सर काचेपलीकडे बसले होते. चुकली की हात वर करायचे. त्या वाक्याशी ती थांबली. त्यांनी हात वर केला नाही. साऊंड इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे तसंच.

क्लायंटला ते चाललं नाही. “अ‍ॅक्सेंट जुळत नाही,” म्हणाले. मंदार त्यांच्याशी खरंच भांडला, हे मला सांगायला हवं. शेवटी त्यांनी धडाच काढून टाकला. कोर्स बाहेर पडला तो ती निवडणूक गाळून, आधीच्या निवडणुकीवरून थेट नंतरच्या निवडणुकीवर उडी मारून. एकाही शाळेने विचारलं नाही.

हे सांगायला मी पुन्हा सेम्बावांगला गेले. सरांनी फोन उचलला. मग टाइप केलं, “तो उमेदवार इतिहासाच्या पुस्तकांतही फार जागा घेत नाही.” मे लिंगने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लिफ्टपाशी येईपर्यंत मी स्वतःला आवरलं, पुढे नाही जमलं.

आमच्या करारांत आता क्लोनचं वेगळं कलम असतं. आणि शेड्यूल लावताना मी सगळ्यात अवघड धडा पहिल्याच दिवशी घेते. निवेदक कुरकुरतात. कुरकुरू देत.