पत्र्यावरची थाप

टेम्पोवाला आत्माराम मुळातच संशयी. बर्फाची लादी घेतली तरी ती आतून पोकळ नाही ना, हे ठोकून बघणार. जगात एकाच माणसावर त्याचा डोळे झाकून भरवसा होता, तो म्हणजे त्याचा क्लीनर शांताराम. वर्षानुवर्षं दोघांनी दांडीच्या किनाऱ्यावरून बोईसर स्टेशनला मासळी वाहिली. टेम्पो मागे घेताना शांताराम पत्र्यावर थाप द्यायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. आत्माराम आरशाकडे बघतसुद्धा नसे.

आणि एके सकाळी भरलेला टेम्पो मागच्या चाकांनी खाडीच्या चिखलात उतरला.

“दोन दिल्यास तू,” आत्माराम म्हणाला.

“एकच दिली,” शांताराम म्हणाला.

तेव्हापासून बोलणं बंद. आत्मारामच्या मनात पक्कं बसलं, की दुसरा टेम्पोवाला रामकिसन, त्यानंच याला फितवलं. त्यात शांताराम सोमवारपासून रामकिसनकडेच कामाला जाणार, अशी बातमी आली. संशयाला आणखी काय हवं?

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. त्याच आठवड्यात कमलाकांतच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मोटार शर्यतीचं नवं मशीन आलं होतं. खरी सीट, खरं स्टिअरिंग, समोर डोंगरातला कच्चा रस्ता, आणि आतून एक गोरा साहेब इंग्रजीत पुढची वळणं सांगणारा, अगदी नाटकातल्या प्रॉम्प्टरसारखा. पण गिऱ्हाइकं कुरकुरत होती. कुणी म्हणे गाडी साबणासारखी घसरते, कुणी म्हणे रस्ता खोटा, एकही म्हैस आडवी येत नाही. शेवटी कमलाकांतनं मशीन पारखायला आत्मारामला बोलावलं.

“आत्मारामभाऊ, तुमी सांगाल ते खरं.”

आत्माराम नवरदेवासारखा सीटवर बसला. दुकानात गर्दी जमली. दारात शांतारामही येऊन उभा राहिला, पण आत्मारामनं तिकडे पाहिलं नाही.

गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर थांबली. पुन्हा सुटली, झाडावर आपटली, दरीत पडली आणि पुन्हा थांबली.

“लबाड हाय तुजं मशीन,” आत्माराम म्हणाला. “आपोआप ब्रेक मारतंय. झाडावर आपटली तरी गाडीला पोचा नाय, दरीत पडली तरी परत रस्त्यावर. आन हा आतला बोलतोय, तो स्वतः कुटं बसलाय? ज्याला रस्त्यावर मरायचं नाय, त्याचं आयकायचं कशाला?”

“मशीन नाय थांबत,” दारातून शांताराम म्हणाला. “तुजा पाय थांबतोय.”

सगळे वळले. शांताराम पुढे आला. “कमळ्या अडकलेलं नाणं पाडायला मशीनवर बुक्की मारतोय. ती वाजली का तू ब्रेक दाबतोस.”

“कायतरीच.”

शांतारामनं मशीनच्या पत्र्यावर दोन थापा दिल्या. गाडी उधळली. एक दिली. गाडी जागच्या जागी उभी. दुकानभर हशा पिकला. आत्मारामनं आपल्या पायाकडे असं पाहिलं, जणू तोही रामकिसनला सामील आहे.

मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. बुक्की कमलाकांतची, आणि ब्रेक मारला आपण. कुणाची थाप हे पायाला कुठं कळतं?

पडद्यावर खेळ संपला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“त्या दिवशी ती मासळीवाली येसूबाय कुटं होती?” त्यानं विचारलं.

“मागंच. बोंबलांची पाटी चढवत होती.”

“आपटली आसंल.”

“आपटलीच. माज्या थापेच्या मागोमाग. तवाच सांगत होतो. तू आयकून घेतलंस?”

एक त्याची आणि एक पाटीची, झाल्या दोन. आत्मारामनं स्टिअरिंग सोडलं आणि बराच वेळ तळहात पॅंटला पुसत राहिला. माफी मागणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“रामकिसनला सांग, सोमवारी येत नाय म्हणून.”

“का सांगू?”

“आपला टेम्पो मागं घेताना कोन सांगनार? हा गोरा?”

शांताराम हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

“आन यापुढं थापा बंद,” आत्माराम उठत म्हणाला. “तोंडानं बोलायचं.”

“इंग्रजीत?” शांतारामनं विचारलं.