कणगीतलं गरम पाणी

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता धुरापाशी जायचं नाही. आमच्या न्हाणीतली चूल तर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा असा धूर काढायची, की तिकडे बोरी अरबला कावळे खोकायचे. गिझर घ्यावा तर सकाळी नेमकी लाईन नसते. सोलरवाल्याने सांगितलेल्या किमतीत म्हैस आली असती, तीही दुधासकट. म्हणून सोलर मी स्वतःच करायला घेतलं.

स्लॅबवर लाकडी पेटी, आत ठिबकच्या बिनछिद्राच्या काळ्या नळीचं वेटोळं, वर जुन्या खिडकीची काच. ड्रम पेटीपेक्षा उंच ओट्यावर, कारण तापलेलं पाणी आपसूक वर चढतं. दुपारी नळीला हात लावला, तर बोटांचे ठसे तिथंच राहिले. आधारवाले आजही मला ओळखत नाहीत.

पण आंघोळ सकाळची. तोवर पाणी गरम राहावं म्हणून ड्रम धान्याच्या जुन्या कणगीत उभा केला आणि भोवती किडका कवडी कापूस भरला. कापसाच्या गादीत माणूस घामाघूम होतो, मग पाणी कसं गारठेल?

गारठलं. सकाळी नळातून बर्फच आला. बायको काड्यापेटी घेऊन उभी.

"पेटवू का मंग चूल?"

"डोळा जाईन तुझा. एक दिवस थांब."

"तुमचा एक दिवस पोळ्यापासून चालू हाय."

मी स्लॅबवर धावलो. कणगीत हात घातला, तर कापूस ओला आणि विटेसारखा घट्ट. खाली अंगणात आबा, माझे वडील, खाटेवर ऊन खात बसलेले.

"आबा, कापसात पानी कोनं टाकलं?"

"म्या. अन् तुडवला बी. तू भुसभुशीतच भरून गेलता. कापूस भरला का वजनासाठी पानी शिपडा लागते, तुले एवढंबी समजत नाही?"

"हा बाजारात नाही न्यायचा, आबा!"

"मंग भरला कायले?"

घोटभर पाण्यासाठी खाटेवरून न उठणारा हा माणूस शिडी चढून गेला होता! जन्मभर गाडीत कापूस तुडवलेले पाय ते. मोकळा कापूस दिसला की त्यांना राहवत नाही.

दिवसभर कापूस उन्हात वाळवला, पिंजला आणि हलक्या हातानं भरला. ऊब धरते ती कापसाच्या पोटातली हवा. तुडवली की गेली. वरून प्लास्टिक बांधलं आणि शिडी गोठ्यामागं लपवली.

दुसऱ्या दिवशी नळ सोडला. वाफ एवढी, की दारव्ह्याच्या जीपवाल्यांनी दिवे लावून गाड्या हाकल्या. बायकोनं बादलीत हात घातला.

"कोमट हाय," ती म्हणाली. "पन चालते."

बाहेरून आबांचा आवाज आला, "शिडी कोठी ठेवली रे?"

तिनं काड्यापेटी देवघरात नेऊन ठेवली आणि न्हाणीचं दार लावून घेतलं.