माय नडगी दाबून पाहायची

कापसाच्या दिवसांत माय सकाळी वेचणीला निघण्याआधी माझी नडगी दाबून पाहायची. व्यापारी मूठभर कापूस दाबून ओल शोधतो, तशी. त्या वर्षांत कापसाचा भाव आधीच पडलेला. ओल सापडली की तो आणखी पाडायचा. मी कळवळले की त्या दिवशी माझी शाळा बंद.

मला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. थंडी लागली की हाडांत कोणी खिळे ठोकल्यासारखं दुखायचं. वर्गात दुखायला लागलं की गुरुजी मायला वावरातून बोलवायचे, ती मला काळीपिवळी जीपमध्ये घालून वणीच्या दवाखान्यात न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी वावराचा मालक तिला बांधावरूनच परत पाठवायचा. म्हणून ही तपासणी.

मी सातवीत होते, वर्गात पहिली. आमच्या घरात पुढे कॉलेज शिकून बाहेर पडलेलीही मीच पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. थोरली बहीण 'थोडे दिवस' म्हणून घरी थांबली होती, ती चुलीपाशीच राहिली. मला थांबायचं नव्हतं.

"दुखते का वं?"

"नाही."

"खोटं बोलशीन तं थापड खाशीन."

"मार ना. मग पाह्य दुखते का."

चुलीजवळून बहीण म्हणायची, "मास्तरीण बनून राह्यली ते. तिले कायले दुखते?"

पुढे दुखणं खुब्यात चढलं. मला बरंच वाटलं, कारण माय तिथं दाबत नव्हती. पण वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मी लंगडू लागले आणि तिनं धरलं. मी म्हणाले, काटा रुतला.

तिनं माझी टाच मांडीवर घेतली आणि सुईनं उकरायला लागली. काटा नव्हताच, तर सापडणार कुठून? ती खोल गेली. रक्त आलं. मी समोरच्या भिंतीकडे पाहत बसले.

"काहून सापडत नाही वं हा?"

"अजून आत असन."

शेवटी मीच म्हणाले, निघाला. तिनं जखमेवर हळद दाबली. मी सगळे पेपर दिले.

शेवटच्या पेपरानंतर मला उभं राहता येईना. दवाखान्यात खुब्याचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड आतून मेलंय, इतके दिवस काय करत होता?

"हे सांगन तं ना, साहेब," माय म्हणाली. "हिनं मले उल्लू बनवलं."

घरी आल्यावर ती बापाला म्हणाली, "हिचं नाव आठवीत टाका. लंगडीले कोण नेते? शिकू द्या मरेपर्यंत."

मी आठवीत गेले. थोरलीचे दोन्ही पाय धड होते. तिला त्याच उन्हाळ्यात मुकुटबनला देऊन टाकली.